हौशीची वाकळ

मथुराबाई तापट होती, असं तिच्या सासरच्या गावात सगळे सांगत. कशानं तापट झाली, असं विचारलं की मात्र माणसं तंबाखू मळायला लागत. तेव्हा ते इथं सांगून टाकलेलं बरं.

जळकोट ओलांडून उमरग्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला दोन कोसांवर तिचं सासर. माहेर अणदूरचं. बाप लिंबाजी, खंडोबाच्या देवळामागच्या आळीत घर, दारात दोन दांडगी कुत्री आणि आठ-दहा कोंबड्या. त्या कुत्र्यांपायी लिंबाजीच्या अंगणात मांजर कधी टिकलं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढं शहाण्यासुरत्या माणसांनी नेमकी हीच सोडून बाकी सगळ्याचा विचार केला.

सासरी पाच मांजरं होती. सासू धुरपदाबाई हिनं लहानपणी प्लेग पाहिला होता. आधी घरात उंदीर पडले, मग माणसं पडली, आणि तेरा माणसांच्या घरातून ती आणि तिचा धाकटा भाऊ बलभीम एवढीच दोघं उरली. तेव्हापासून मांजर नसलेलं घर तिला उघडं पडल्यासारखं वाटे. त्यात निजाम सरकारच्या लेव्हीचे दिवस. शेतात पिकलेल्या ज्वारीतला वाटा सरकारी माणूस मोजून घेऊन जाई. उरलेली घरातल्या कणग्यांमध्ये भरायची आणि उंदरांपासून राखायची. मांजरं ते काम करत, म्हणून त्यांना घरात कुठंही मोकळीक होती. त्यांतली हौशी नावाची तांबडी-पांढरी मांजर म्हाताऱ्या धुरपदाबाईच्या वाकळीत, तिच्या पोटाशी झोपे.

मथुराबाईला दोन लेकरं. थोरला अंकुश आठ वर्षांचा, धाकटी गजरा सहाची. अंकुश बोक्याला गळ्यात घालून गावभर हिंडे आणि त्याला साधी शिंकही येत नसे. गजराचं तसं नव्हतं. तिसरं वर्ष लागल्यापासून तिचं नाक वाहायचं, डोळे लाल व्हायचे, आणि थंडी पडून दारं लागली की छातीत शिट्टी वाजायची. मग धाप. पोर उठून बसायची, दोन्ही हात जमिनीला टेकायची आणि तोंड उघडून वारा ओढायची. आई रात्र रात्र तिची पाठ चोळत बसायची.

आजीचाही डोळा लागत नसे, हे खोटं नाही. गजराला धाप लागली की धुरपदाबाई तिला आपल्या वाकळीत ओढून घेई आणि हौशीला उचलून तिच्या छातीशी ठेवी. मांजराच्या उबेनं कफ सुटतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पोरीची धाप वाढायची. मग म्हातारी म्हणायची, ऊब कमी पडली, आणि वाकळ डोक्यावरून घ्यायची. अशा मायेला काय करावं ते सांगा.

घरात शब्द चाले तो बलभीममामाचा. त्याचं घर त्याच गावात, चार दारं सोडून. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला भंडारा, आणि कुणाच्याही घरातल्या दुखण्याचं कारण त्याला ओसरीवर बसल्या बसल्या कळायचं. मथुराबाईचा नवरा बब्रुवान वाईट माणूस नव्हता. कष्टाळू होता, बायकोवर त्यानं कधी हात उचलला नाही. पण मामापुढं त्याला तोंड नव्हतं, आणि ज्या घरात लेकरं आहेत तिथं बापाला तोंड नसणं हे काही लहान व्यंग नाही.

एका सकाळी मामानं मथुराबाईला विहिरीवर पाठवलं. घरात पाण्याच्या दोन घागरी भरलेल्या होत्या, तरी पाठवलं. ती माघारी येत होती तर वेशीपाशीच तिला गजराची किंकाळी ऐकू आली. घागर तिथंच फुटली. घरात येऊन बघते तर मामानं विळ्याचं टोक चुलीत लाल करून पोरीच्या पोटावर दोन डाग दिलेले. बेंबीच्या उजवीकडं एक, डावीकडं एक. धापेवरचा जालीम इलाज आहे म्हणे. बब्रुवाननं पोरीचे हात धरले होते आणि धुरपदाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. जिनं नऊ महिने वागवली तिला कुणी विचारलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं. पाण्याला पाठवलं होतं.

त्या दिवसापासून मथुराबाई तापट झाली. एवढंच ते कारण.

डागांच्या जखमा चिघळल्या तेव्हा ती पोरीला घेऊन अणदूरला गेली. दुसऱ्या दिवशी गजराची छाती मोकळी. तिसऱ्या दिवशी ती कोंबड्यांमागं धावत होती. मामानं निरोप धाडला, डाग लागू पडला. पंधरा दिवसांनी मायलेकी सासरी परतल्या आणि दोन रात्री जातात न जातात तोच शिट्टी पुन्हा सुरू. वर्षभरात असं तीनदा झालं. अणदूरला गेली की बरी, घरी आली की आजारी.

आता ह्यातून साध्या माणसाला काय सुचेल? अणदूरच्या घरात काय नाही आणि ह्या घरात काय आहे, हे बघावं असं सुचेल. मथुराबाईला तेच सुचलं. तिसऱ्यांदा माघारी आल्यावर गजरा गाडीतून उतरली ती थेट हौशीकडं धावली. तिला उचलून गालाशी धरलं. आई मागोमाग उतरून हळद दळायला तिथंच बसली होती. बघता बघता पोरीच्या त्या गालावर गांधी उठल्या, डोळा सुजला. दुसरा गाल साफ होता. मथुराबाईनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं आणि हौशीला पोरीच्या हातातून काढून घेतलं.

बलभीममामाला दुसरंच सुचलं. अणदूर म्हणजे खंडोबाचं ठाणं. तिथं पोर बरी राहते, तिथून आणली की तिचा श्वास कोंडतो. म्हणजे देव तिला सोडत नाही. देव पोरगी मागतोय.

मागतोय म्हणजे काय, ते त्या भागात कुणाला उलगडून सांगावं लागत नसे. पोरीचं देवाशी लग्न लावायचं, गळ्यात माळ घालायची, आणि मग तिनं जन्मभर मुरळी होऊन हातातली घंटी वाजवत दारोदार गात हिंडायचं. तिला सासर नाही, नवरा नाही, लेकरं झाली तर त्यांना बापाचं नाव नाही. देवळातल्या कुणी हे मागितलं नव्हतं. देवानं मागितलं असेल असं मला तरी वाटत नाही. मागितलं ते ओसरीवर बसून, सुपारी कातरत, बलभीममामानं. आणि चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मथुराबाई दाराआड उभी होती. बायांनी पुरुषांच्या बैठकीत बोलायची रीत नव्हती. ती बोलली.

"मामा, ह्यात देव न्हाय. मांजर हाय."

ओसरीवर हसू पिकलं. मामानं तिला अंकुश दाखवला. ह्याच घरात, ह्याच मांजरांत लोळतो, त्याला का काही होत नाही? बब्रुवान ह्याच मांजरांत वाढला. म्हातारी तर मांजर पोटाशी घेऊन झोपते. मथुराबाईनं सांगून पाहिलं की एकाच ताटातलं वांगं एकाला पचतं आणि एकाच्या अंगावर पित्त उठवतं. तर एक म्हातारा म्हणाला की देवाच्या कामात वांगी आणू नये.

बरं, तोंडानं ऐकत नाहीत तर हातानं करून दाखवावं म्हणून ती कामाला लागली. घरातल्या वाकळी राखेच्या पाण्यात उकळल्या, ओढ्याला नेऊन धोपटल्या. गजराची बाज ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी टाकली. रोज सकाळी बाज उन्हात, रोज संध्याकाळी जमीन शेणानं सारवलेली. मांजर आत आलं की ती झाडू घेऊन उठे. पण सहा माणसांच्या घरात एकटीनं झाडायचं आणि बाकीच्यांनी आत आणायचं, तर त्यानं काय होणार? अंकुश बोक्याला घेऊन बहिणीच्या बाजेवर बसे. सासरे दूध ओतून मांजरांना हाका मारत. आई रानात गेली की गजरा स्वतःच हौशीला कुशीत घेई, कारण तिला ती आवडायची. आणि धुरपदाबाईला वाटायचं की सून आपल्या मांजरावर दात धरून आहे. पोरीची धाप थोडी उणावली, गेली मात्र नाही. तेवढ्या उणावण्याचंही श्रेय मामानं देवाला दिलं. पोरगी द्यायची ठरली म्हणून देव राजी झाला म्हणे.

मार्गशीर्षातल्या अणदूरच्या जत्रेत गजराला वाहायचं ठरलं. कवड्यांची लहान माळसुद्धा ओवून झाली. मथुराबाईनं नवऱ्याला एकदाच विचारलं, तुमच्या मनात काय हाय? तो म्हणाला, मामा म्हणतेत. मग तिनं त्याला परत काही विचारलं नाही.

अणदूरच्या खंडोबाची एक रीत आहे. वर्षाचे सव्वादहा महिने देव अणदूरला असतो. मार्गशीर्षात जत्रा झाली की मूर्ती नळदुर्गला जाते आणि पौषातल्या पौर्णिमेनंतर माघारी येते. हे त्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. मथुराबाई तर देवळामागच्या आळीत वाढलेली. पण ह्या जाणण्याचा उपयोग करावा असं फक्त तिच्याच डोक्यात आलं. ती पुन्हा ओसरीवर गेली. ह्या वेळी दाराआड थांबली नाही.

"देवानं पोर धरलीय म्हणता ना? मग देव जाईल तिथं तिचा श्वास जाईल. देव पावनेदोन महिने नळदुर्गला असतोय. तेवढे दिवस पोरीला आमच्या अणदूरला ठेवते. देव न्हाय म्हणून तिला धाप लागली, तर म्या माझ्या हातानं माळ घालीन. न्हाय लागली, तर ही गोष्ट ह्या घरात परत काढायची न्हाय."

पोटची पोर तिनं पणाला लावली होती. पण बोल असा चोख होता की म्हातारेसुद्धा म्हणाले, न्याय आहे. मामाला कबूल म्हणावं लागलं. बब्रुवाननं गाडी जुंपून दोघींना अणदूरला पोचवलं आणि सुगीचे दिवस असूनही बायकोला माघारी बोलावलं नाही. त्याच्या नावावर तेवढं एक लिहून ठेवावं.

जत्रा झाली. देव नळदुर्गला गेला. गजरा देवळाच्या मोकळ्या पायऱ्यांवर खेळली, आजोळच्या कोंबड्यांची अंडी शोधत हिंडली, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी खाऊन गालांनी वर आली. पौषाची थंडी हाडात शिरत होती, पण पोरीच्या छातीत एकदाही शिट्टी वाजली नाही. मथुराबाई रोज पहाटे तिच्या पाठीला कान लावून ऐकायची. आत नुसता श्वास होता.

तिनं सासरी निरोप धाडला. मामाचा उलटा निरोप आला की देव जाताना पोरीवर नजर ठेवून गेलाय, ही तर त्याची मोठीच खूण, आणि देव माघारी येईल त्याच दिवशी आपण माळ घेऊन येतो.

चार माणसांदेखत दिलेला शब्द होता. तो पाळायचा नव्हता, तर दिला कशाला? लिंबाजीनं लेकीला म्हटलं, पोरीला घेऊन सोलापूरला मावशीकडं जा. मथुराबाई म्हणाली, आबा, पळून गेले तर त्यांचंच खरं ठरंल.

देव येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी आली. बलभीममामा, बब्रुवान आणि धुरपदाबाई. म्हातारीनं दोन महिने नातीला पाहिलं नव्हतं. तिनं गजराला मांडीवर घेतलं ते सोडेना. येताना तिनं आपली वाकळ आणली होती. पौषाची थंडी, पोरगी उद्या देवाची होणार, एक रात्र तरी आजीच्या उबेत झोपू दे. मथुराबाई नवऱ्याच्या आणि मामाच्या जेवणखाणात गुंतली होती. सासूनं पोरीला कशात गुंडाळून घेतलंय, हे तिनं अंधारात पाहिलं नाही. त्याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही, बाकीच्यांना तर नाहीच नाही.

सकाळी वेशीकडून हलग्यांचा आवाज आला. देव गावात शिरत होता. आणि लिंबाजीच्या ओसरीवर गजरा हात जमिनीला टेकून वारा ओढत होती. ओठ निळसर झाले होते.

बलभीममामा उठून उभा राहिला. म्हणाला, देव वेशीवर आला आणि पोरीला झटका आला, आता तरी पटलं का? त्यानं पिशवीतून माळ काढली.

मथुराबाईनं आधी पोरीला उचललं. ती वाकळ अंगावरून ओढून फेकली, पोरीला अंगणात उन्हात नेऊन ताठ बसवलं, तोंड धुतलं, अंगातलं झबलं बदललं. मग ती मामाकडं वळली. आवाज चढवला नाही.

"देव जवळ असला की पोर बरी राहते, असं तुमीच म्हणला हुता. आज देव दारात हाय आन पोरीचा जीव चाललाय. आता म्हणता देव आला म्हणून झटका आला. मामा, तुमचा देव दर खेपेला तुमच्याच तोंडाकडं बघून बोलतोय व्हय?"

त्याच्या उत्तरासाठी ती थांबली नाही. तिनं वाकळ उचलली, सासूसमोर नेली आणि उन्हात धरून झटकली. एकदा, दोनदा. सकाळच्या तिरप्या उन्हात तांबडे-पांढरे केस उडाले आणि तरंगत राहिले. मग तिनं गजराचा चेहरा सासूकडं वळवला. वाकळीला टेकून झोपलेल्या गालावर गांधी उठल्या होत्या. दुसरा गाल साफ होता.

धुरपदाबाईनं नातीच्या मानेवरचा एक केस दोन बोटांनी उचलला. हौशीचा केस ती अंधारातही ओळखली असती. किती रात्री तिनं ह्या पोरीला ह्याच वाकळीत, त्याच हौशीला छातीशी देऊन, डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपवलं होतं, ते तिला एकेक करून आठवत गेलं असणार. मग ती भावाकडं वळली आणि हात पुढं केला.

"माळ आण इकडं. वाकळ माझी, मांजर माझं. देवाचं ह्यात काय न्हाय."

मामानं माळ दिली नाही, तर तिनं ती घेतली. प्लेगच्या सालात तिनं ह्याच भावाला कडेवर घेऊन दोन गावं ओलांडली होती. तिच्यापुढं त्याचं काही चालण्यासारखं नव्हतं. ती तशीच गर्दीत गेली आणि पोरीविना नुसती माळच देवापुढं ठेवून माघारी आली. तोवर गजराचा श्वास खाली बसू लागला होता. दुपारी तिनं दूध-भाकरी मागितली. वाकळ अंगणात पडली होती, तिच्यावर लिंबाजीची कुत्री आरामात झोपली होती.

एवढं झाल्यावर कुणी मथुराबाईला म्हणेल की बाई, तुझं खरं होतं. कुणी म्हटलं नाही. घरी परतल्यावर बब्रुवाननं मुकाट्यानं कणग्या गोठ्यापलीकडच्या कोठ्यात हलवल्या आणि पाचही मांजरं तिकडं गेली. मांजरांमागं धुरपदाबाईही गेली. हौशीला सोडणं तिला जमलं नाही आणि नातीला सोडणंही जमलं नाही. रात्री ती कोठ्यात झोपे. सकाळी उठून गोठ्याच्या आडोशाला अंघोळ करी, सुनेनं दोरीवर वेगळं ठेवलेलं लुगडं नेसे, आणि मगच घरात येऊन गजराला जवळ घेई. मरेपर्यंत सहा वर्षं, थंडी असो की पाऊस, तिनं ह्यात खंड पाडला नाही. तिच्यावरचा मथुराबाईचा राग त्या रोजच्या अंघोळीनं हळूहळू धुतला गेला. बलभीममामावरचा धुतला जायला तसं काही घडलंच नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, त्या काळच्या रीतीनं तेराव्या वर्षी, गजराचं लग्न ठरलं. पाहुणे बघायला आले तेव्हा मथुराबाईनं त्यांना जमीन किती, विहिरीला पाणी किती, हे विचारलं नाही. घरात मांजर आहे का, एवढंच विचारलं. मांजर नव्हतं, म्हणून सोयरीक झाली.

हळदीच्या दिवशी बलभीममामा आला. आता केस पिकले होते, भंडारा तसाच होता. मांडवात दहा माणसांदेखत तो म्हणाला, ही पोर हाताला लागत नव्हती, आपण वेळेवर इलाज केला आणि देवाला शब्द घातला म्हणून आज बाशिंग बघायला मिळतंय. माणसांनी माना डोलावल्या. अशाच माणसांनी सात वर्षांपूर्वीही डोलावल्या होत्या. मान त्याचा, म्हणून पहिली हळद लावायला त्यानं वाटीकडं हात नेला.

मथुराबाईनं वाटी सरकवून घेतली.

"मामा, पोरीच्या पोटावर दोन डाग हायेत. ते देवानं दिले न्हाईत, आन मांजरानंबी दिले न्हाईत."

बब्रुवान उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. मथुराबाई लेकीला घेऊन आत गेली, दार लावून घेतलं आणि पहिली हळद तिनं स्वतः लावली. त्या दोन डागांवर लावायला तिला बराच वेळ लागला.